तोच निळा ड्रेस



मे महिना लागला की आमच्या ग्वाल्हेरात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि दुपारी लू वाहू लागते. आम्ही दोघी नणंद-भावजय नोकरी करतो. एक खासगी शाळेत शिकवते, दुसरी एका ऑफिसात हिशेब बघते. गेल्या उन्हाळ्यातल्या कुर्त्या घामाने आणि रोजच्या धुण्याने विरल्या होत्या. म्हणून घरखर्चातून दोन हजार रुपये बाजूला काढले आणि एका शनिवारी ऊन उतरल्यावर आम्ही महाराज बाड्यावर गेलो.

नजरबाग मार्केटच्या गल्ल्यांतून फिरताना जो तो दुकानदार "प्युअर कॉटन है, दीदी" म्हणत होता. हात लावला तर निम्मं कापड पॉलिस्टरचं. आमचा गोंधळ चालला होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, तुम्ही इथे?"

आमच्याच मंडळीतली एक तरुण मुलगी होती. ती एका दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. गेले तीन रविवार ती उपासनेला दिसली नव्हती. ड्यूटी असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिला कापडाची चांगली पारख आहे. तिचे आजोबा जे. सी. मिलमध्ये होते. ती गिरणी कधीच बंद पडली, पण बिर्लानगरच्या घराघरांतून कापडाचं ज्ञान अजून शिल्लक आहे. तिने आम्हाला कडेचा एक धागा ओढून जाळून बघायला सांगितलं. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख हाताने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. ओला रुमाल कापडावर घासला की रंग पक्का आहे का, तेही समजतं. रेयॉनबद्दल विचारलं तर म्हणाली, "ते लाकडाच्या लगद्यापासून होतं, त्यामुळे गार वाटतं. पण धुतल्यावर आटतं, म्हणून आधी भिजवून मग शिवायचं." रेयॉन हा शब्द तर आमच्या गावाच्या ओळखीचा. 1947 साली ग्वाल्हेर रेयॉन नावाची कंपनी स्थापन झाली, तीच आजची ग्रासिम.

आम्ही सहज विचारलं, "तू काय घेतलंस?"

"एकच बघतेय. परवडला तर घेईन." मग थोडं थांबून म्हणाली, "कामाचे दोनच ड्रेस आहेत. रात्री धुते, सकाळपर्यंत वाळतात. पण रविवारी पुन्हा तेच घालून यायला नको वाटतं."

आमच्या पोटात खड्डा पडला. ईस्टरच्या दिवशी चर्चच्या दारात आम्हीच तिला हसत म्हटलं होतं, "अगं, आजही तोच निळा ड्रेस?" ती तेव्हा हसली होती. आम्ही ते घरी पोहोचायच्या आतच विसरून गेलो. ती मात्र ते तीन आठवडे मनात घेऊन बसली होती.

याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सभेत येणाऱ्या दोन माणसांविषयी लिहितो. एकाचे कपडे उंची, दुसऱ्याचे मळके. त्यांना बघून आपण जागा वाटायला लागलो, तर आपण वाईट विचारांचे न्यायाधीश झालो, असं तो बजावतो. हा भाग आम्ही महिला सभेत वाचून दाखवला आहे. आम्ही कुणाला मागे बसवलं नव्हतं, फक्त थट्टा केली होती. तरीही तिची जागा रिकामी झालीच.

आम्ही तिथेच, त्या गर्दीत, तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या ना, ताई." पण तिचे डोळे भरून आले होते.

तिला ड्रेस घेऊन द्यावा असं पटकन मनात आलं. पण तसं केलं असतं तर तिला आणखी लहान वाटलं असतं. तेव्हा यापोची दुर्कस आठवली. तिने विधवांसाठी स्वतः कपडे केले होते. ती मरण पावली तेव्हा त्या विधवा रडत रडत तेच अंगरखे पेत्राला दाखवत होत्या. प्रेषितांची कृत्ये, अध्याय नऊ. घरी सासूबाईंचं शिलाई मशीन आहेच! आम्ही तिला म्हटलं, "तिघी मिळून तागा बघू या का? निवड तू कर."

एकेका कुर्त्याला अडीच मीटर धरून, बारीक फुलांचं साडेसात मीटर सुती कापड एकाच ताग्यातून घेतलं. एकदम घेतल्यामुळे भाव कमी झाला. पैसे तिघींनी सारखे काढले. कापड पाण्यात भिजवून वाळवलं आणि पुढच्या चार संध्याकाळी आमच्या घरी बसून शिवलं. कापायचं काम तिने केलं, आम्ही शिलाई मारली. चहा झाला, गाणी झाली, प्रार्थनाही झाली.

रविवारी तिघी एकाच छापाचे कुर्ते घालून एका बाकावर बसलो. कुणीतरी विचारलं, "हा काय युनिफॉर्म?" सगळ्यात आधी तीच हसली.

वाचकहो, या उन्हाळ्यात स्वस्त आणि गार कपडे जरूर शोधा, त्यात कमीपणा नाही. मात्र येत्या रविवारी चर्चच्या दारात कुणी भेटलं, तर कपड्यांविषयी बोलण्याआधी ती व्यक्ती कशी आहे, हे विचारा.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या सहज बोलण्याने जे तुझ्या घरापासून दूर गेले, त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागण्याचं धैर्य आम्हाला दे. आमेन.