उसण

मागच्या हिवाळ्यात आठवीच्या वर्गात खाली पडलेला खडू उचलायला वाकलो आणि वाकलेलेच राहिलो. कमरेत उसण भरली होती. मुलांना वाटले, सर गंमत करताहेत. ती हसली, आम्हाला मात्र श्वास घेववेना.

घरी अम्मींनी मोहल्ल्यातल्या पायाळू मुलाला बोलावणे धाडले. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, हा आपल्याकडे हिंदू-मुसलमान साऱ्यांचाच समज. मुलाने बिस्मिल्ला म्हणून तीनदा पाय लावला. आम्हाला नाही, पण अम्मींना बरे वाटले.

चार दिवस पलंगावर काढून डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "पडून राहिलात हेच चुकले." कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे लांब पट्टे असतात. वाकणे, उठणे त्यांच्याच जिवावर. ताण पडला की ते दुखावतात, आखडतात. शेकावे, झेपेल तेवढे चालावे. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. मात्र पायातले बळ गेले, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावर ताबा राहिला नाही किंवा सोबत ताप असला, तर घरी थांबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. जुनाट दुखण्यासाठी संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या सल्ल्यात व्यायामावर भर आहे. नेहमी कमरपट्टा बांधण्याची शिफारस नाही.

जुम्याला मशिदीत खुर्चीवर बसून नमाज पढावी लागली. आजाऱ्याला ती सवलत आहे, हे आम्हीच मुलांना शिकवतो. तरी पस्तिशीत खुर्ची घेताना मान खाली गेली. शेजारच्या खुर्चीवर अब्बा होते. उमेदीची वर्षे त्यांनी इथल्या कोळशाच्या खाणीत टोपल्या भरल्या. ते उठता-बसता कण्हत, तेव्हा "अब्बा, सवय झाली आहे तुम्हाला" असे आम्ही म्हणायचो.

परतताना विचारले, "केव्हापासून दुखते?"

"तू पहिलीत होतास," ते म्हणाले. "पण सुट्टी घेतली की रोजी बुडायची."

आता संध्याकाळी आम्ही दोघे बरोबर चालायला निघतो. वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागल्या की अब्बा थांबतात. आम्हीही थांबतो. थकवा कुणाला आला, हे विचारत नाही.