शनिवारची शाळा

आमच्या सहावीच्या वर्गाचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा. सकाळची शाळा असे. कवायत झाली की बाकीच्या तुकड्या पाढे म्हणायला बसत आणि बाई आम्हांला जोड्याजोड्यांनी अंबरनाथच्या शिवमंदिराकडे घेऊन निघत. वर्गात कुणाचे वडील ऑर्डनन्समध्ये, कुणाचे काडेपेटीच्या कारखान्यात. देऊळ सगळ्यांनी महाशिवरात्रीच्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेलं. बाईंच्या शनिवारी पुस्तक न्यायचं नसे. वही, पेन्सिल, पट्टी आणि सुतळीचा एक गुंडा, तोही बाईंच्या पैशांतून आणलेला. खोडरबर मात्र शाळेतच ठेवायचा.

आधी वालधुनीच्या काठी थांबून पाण्याचा रंग लिहायचा. तो का बदलतो हे आम्हां कारखान्यांच्या गावातल्या पोरांना वेगळं सांगावं लागत नसे. मग देवळात. खांबाला सुतळी गुंडाळून घेर घ्यायचा, पण दगडावर खडूची रेघसुद्धा मारायची नाही. दुसरीकडे देवाला भेटायला वर चढतात, इथे सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जायचं. "का रे असं?" एवढंच बाई विचारत आणि पुढे जात. सोमवारी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात चौकट करून लिहिलेला असे. शुक्रवारपर्यंत त्याला हात लावायची मुभा सगळ्यांना होती, पुसायची कुणालाच नाही.

एका आठवड्याचा प्रश्न होता तो उत्तरेकडच्या दाराच्या आत, वरच्या तुळईवर कोरलेल्या लेखाचा. आम्ही माना वर करकरून थकलो. अक्षर एक लागेना. बाईंनी सोमवारी फळ्यावर दोनच आकडे मांडले: ७८२ आणि ९८२. डॉ. भाऊ दाजी लाडांनी त्या लेखातला शक आधी ७८२ असा वाचला होता. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो ९८२ असा वाचला, आणि तेच मान्य झालं. गणिताच्या तासाला दोन्हींत ७८ मिळवले. एकाचं इसवी सन ८६० आलं, दुसऱ्याचं १०६०. एका आकड्यापायी देऊळ दोनशे वर्षं मागेपुढे! इतिहासाच्या तासाला देऊळ बांधणारे म्हणून शिलाहारांचा छित्तराजा आणि त्याचा भाऊ मुम्मुणी आले, भाषेच्या तासाला आम्ही त्या दोघा पंडितांची भांडणं रचली. माझे भाऊ दाजी फार तावातावाने बोलत होते. बाई ऐकून म्हणाल्या, "अरे, त्यांनी आधी वाचलं, म्हणून तर दुसऱ्याला पुन्हा वाचावंसं वाटलं." खोडरबर का नको, ते तेव्हा कळलं. चुकलेल्या मापावर एकच रेघ मारायची. खालचं माप वाचता आलं पाहिजे.

१८६८ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची माणसं इथे येऊन शिल्पांची चित्रं आणि साचे घेऊन गेली, हेही बाईंनीच सांगितलं. नक्षी काढणं हे पोट भरायचं काम असू शकतं, ही माझ्या घरात नवलाची बातमी होती. आज मी जुन्या इमारतींची मापं घेतो, दुरुस्तीआधी त्यांचे नकाशे काढतो. सुतळीची जागा लेझरने घेतली आहे, पण कच्च्या टिपणात मी अजून खोडत नाही. हाताखालची पोरं हसतात. त्यांना स्वच्छ कागद लागतो. मला मात्र पाडकामाच्या वेळी तो रेघ मारलेला आकडाच दोनदा उपयोगी पडला आहे.

या शनिवारांचे पैसे बाईंना पगारात मिळत नव्हते. इतर तासांचा अभ्यासक्रम त्या पूर्ण करून देत, वर शनिवारच्या तीस-पस्तीस वह्या घरी नेऊन तपासत. लाल शेरा क्वचितच असे. बहुतेक ठिकाणी समासात एक प्रश्नचिन्ह, की पुढच्या शनिवारी पुन्हा जाऊन बघा. ऋण म्हणजे माझ्या लेखी ती प्रश्नचिन्हं. त्यांतली बरीचशी फेडली, एक राहिलं आहे. देवळाचं शिखर वरपर्यंत नाही. ते पडलं की बांधायचंच राहिलं, यावर वर्गात दोन तट पडले होते आणि मी "राहिलं" म्हणणाऱ्यांत होतो. गेल्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन बाईंकडे गेलो. चकली मोडता मोडता त्यांनी विचारलं, "मग, शिखराचं काय ठरलं तुमचं?" मी माझी बाजू मांडायला सुरुवात केली. त्यांनी मध्येच थांबवून कागद-पेन्सिल मागवली आणि म्हणाल्या, "तोंडी नको. काढून दाखव."