सेक्टर ३९ ते पानिपत

चंदीगडला आलात की तुम्ही रॉक गार्डन बघाल, सुखना तलावावर संध्याकाळ घालवाल. सेक्टर ३९ मध्ये तुम्हाला कुणी मुद्दाम नेणार नाही. इथे आहे 'इमटेक' ही सूक्ष्मजीवांवर संशोधन करणारी संस्था, शहराचं जलशुद्धीकरण केंद्र आणि धान्याची मंडी. पण ऑक्टोबरात आलात तर मंडीत एक चक्कर माराच. उघड्या फरसबंदीवर भाताचे ढीग असतात. इकडे भाताला 'झोना' म्हणतात. मला तिथे उभं राहून दर वेळी पानिपत आठवतं.

पानिपत इथून दक्षिणेला, सुमारे १६० किलोमीटर. वाटेत अंबाला, कुरुक्षेत्र, कर्नाल लागतं. कर्नालजवळच्या कुंजपुऱ्यात अब्दालीच्या बाजूचा धान्यसाठा होता. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी तो किल्ला घेतला तेव्हा छावणीत आनंदीआनंद होता. पुढे कुरुक्षेत्राला जायचं ठरत होतं. तेवढ्यात अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. घरचा रस्ताच बंद!

आता छावणीत कोण होतं ते पाहा. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त: बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे. हा पसारा मागे ठेवा, गनिमी काव्याने लढा, असं सूरजमल जाटाने सांगितलं होतं. भाऊंचा भरवसा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर होता. उदगीरला त्याच तोफांनी निजामाला नमवलं होतं, त्यामुळे भाऊंना अगदीच वेडं ठरवता येत नाही. पण उदगीर घराजवळ होतं. इथे रसद दुआबातून यायची. ती पाठवणारे आणि अब्दालीची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. मग उपासमार सुरू झाली. माणसं खंगली, जनावरं मेली.

१३ जानेवारीला इथे लोहडी असते. आमच्या गल्लीत शेकोटी पेटते, तुमच्याही हातावर रेवड्या आणि शेंगदाणे ठेवतील. १७६१ च्या त्याच तारखेच्या रात्री सरदार भाऊंच्या तंबूत आले. दोन दिवस अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं ते म्हणाले. त्या काळच्या काशिराज पंडिताने हे लिहून ठेवलं आहे. विडे वाटले गेले. दुसरा दिवस लढाईचा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

विश्वासराव, भाऊ, जनकोजी, इब्राहिमखान, सगळे गेले. वाचून निघालेल्यांना त्याच सूरजमलने आसरा दिला. जूनमध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले. 'विश्वास पानिपतात गेला' हे आपण आजही सहज बोलून जातो. महादजी शिंदे मात्र जखमी पायानिशी वाचले आणि दहा वर्षांनी मराठे पुन्हा दिल्लीत होते.

आणि जिंकलेल्या अब्दालीला काय मिळालं? पंजाब त्यालाही टिकवता आला नाही. सरहिंद इथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. १७५८ मध्ये राघोबादादांनी ते घेतलं होतं. जानेवारी १७६४ मध्ये शिखांनी घेतलं, आणि मग ते अब्दालीच्या हाती राहिलं नाही.

पानिपतला काला अंबला जा. विटांचा एक स्तंभ आहे, त्याला लोखंडी सळई. त्या जागी आंब्याचं झाड होतं म्हणतात. बाग शांत असते. करनाल-पानिपत भागातले रोड समाजाचे बरेच लोक स्वतःला मराठ्यांचे वंशज म्हणवतात. १४ जानेवारीला तेही येतात. त्या दिवशी गेलात तर पहाटे धुकं दाट असतं, गाडी जपून चालवा. तिळगूळ घरून न्या. आणि परतताना मंडीवरूनच या, रस्ता थोडा लांबचा पडला तरी.