तुळजापूरचा खडक, तेरची माती आणि शेळीचे खूर

वाचकहो, सोलापूरहून तुळजापूरला जाण्याचा योग तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. सुमारे ४५ किलोमीटरांची वाट. गाडी घाट चढू लागली की सगळ्यांचे मन आधीच देवीच्या पायऱ्यांपाशी पोहोचलेले असते. खिडकीबाहेर पाहायला कुणाला सवड नसते. पुढच्या खेपेला मात्र जरा बाहेर पाहा. बालाघाटच्या उतारावर काळ्या शेळ्यांचा एखादा कळप तुम्हांला हमखास दिसेल.

या आपल्या उस्मानाबादी शेळ्या. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण जातीचे नाव उस्मानाबादीच राहिले. रंगाने बहुतेक काळ्या, अंगाने काटक, आणि जुळी करडे देण्यात मोठ्या हुशार. बालाघाट म्हणजे काळ्या पाषाणाचा डोंगर. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पाऊस बेताचा. बोरी, बाभळी, हिवर आणि कुसळी गवत एवढाच काय तो चारा. तेवढ्यावर ही शेळी दिवसभर हिंडते. या दगडावरून त्या दगडावर उडी मारते, बाभळीच्या खोडाला पुढचे पाय लावून उभी राहते आणि वरचा पाला ओढते.

तिच्या पायांकडे नीट पाहा. खूर आखूड, तळ सपाट, दोन्ही नख्या सारख्या. जणू कुणी कानस लावून बसवल्या आहेत. घाटमाथ्यावर शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांना मी एकदा विचारले, "बाबा, खुरं कधी साळता?" ते हसले. म्हणाले, "आमच्या शेळ्यांची खुरं डोंगर साळतोय, सायेब. आपल्याला कशाला तरास?"

आजोबांनी एका वाक्यात सारे शास्त्र सांगितले. शेळीचा खूर आपल्या नखासारखाच. तो जन्मभर वाढतो, महिन्याकाठी साधारण ३ ते ५ मिलिमीटर. डोंगरावर जेवढा वाढतो तेवढा दगडावर झिजतो. हिशेब बरोबर जुळतो.

आता तुळजापूरहून पुढे चला. धाराशिव ओलांडून सुमारे २० किलोमीटरांवर तेर लागते. तेरणाकाठचे हे गाव फार जुने. एके काळी याला तगर म्हणत आणि इथला माल पार रोमपर्यंत जाई. गावातल्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या वस्तू पाहायला मिळतात; मुलांना अवश्य दाखवा. पण आपल्या घरोघरी तेर ओळखले जाते ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून. विठ्ठलनामात रंगून माती तुडवणाऱ्या संताचे हे गाव, आणि मातीही तशीच! नदीकाठची काळी, भारी, चिकण. पावसाळ्यात पाय रुतला की चप्पल तिथेच राहते.

तेरणेच्या या खोऱ्यात अलीकडे पुष्कळ घरांनी शेळ्या गोठ्यात बांधून पाळायला सुरुवात केली आहे. चराऊ राने कमी झाली, मुले शाळेत जाऊ लागली, मग शेळ्यांमागे हिंडणार कोण? म्हणून घराशेजारी गोठा, बांधावर सुबाभूळ आणि शेवरी, थोडे मेथीघास. हा मार्ग चांगला आहे. पण शेळी डोंगरावरून खाली आली, तिचा डोंगर काही बरोबर आला नाही. खूर वाढतच राहतो. झिजायला मात्र खाली मऊ माती आणि लेंड्यांचा थर.

या खोऱ्यातल्या एका घरी बाईंनी मला शेळी दाखवली. दोन करडांची आई, पण अंगावर मांस नाही. बाई म्हणाल्या, "चारा पुढ्यात टाकलाय, पर उठंना झालीय. लई आळशी हाय. येत्या बाजारी इकून टाकते." व्यापाऱ्याने लंगडी म्हणून भावही निम्म्याने पाडून सांगितला होता. मी पाय उचलून पाहिला. खुराचे टोक जुन्या मोजडीच्या चोचीसारखे वर वळलेले, बाजूची कड आत दुमडून तळव्याखाली गेलेली, आणि त्या घडीत महिन्यांची घाण दाबून बसलेली. शेळी आळशी नव्हती. तिला उभे राहवत नव्हते. पहिला पाय मी साळला, उरलेले तीन बाईंनी. महिन्याभराने त्या वाटेने गेलो, तेव्हा ती शेळी मागच्या पायांवर उभी राहून सुबाभळीचा पाला ओढत होती. बाजाराची गोष्ट कुणी काढलीच नाही.

वाढलेल्या खुराने काय काय जाते ते लक्षात घ्या. शेळी कमी चरते म्हणून दूध आटते. करडे अशक्त राहतात. बोकडाचे मागचे खूर वाढले की तो शेळीवर चढायला कचरतो, आणि माज वाया जातो. घडीत घाण साचली की तिथे रोगजंतू वाढतात आणि खूर कुजू लागतो. हे सारे टाळायला पैसा लागत नाही. एका शेळीमागे दहा-पंधरा मिनिटे लागतात.

तेव्हा साळणी कशी करायची ते पाहू. द्राक्षाला किंवा डाळिंबाला वापरतात ती छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, चांगली चालते. तिला धार हवी. एक लहान चाकू, घाण काढायला बोथट टोकाची काडी, आणि जवळ जंतुनाशक औषध. दिवस पावसाळी असेल तर खूर आपोआप मऊ असतो. उन्हाळ्यात तो दगडासारखा टणक होतो. म्हणून आधी अर्धा तास ओले पोते पायांखाली ठेवा.

शेळीला भिंतीकडेला आखूड दाव्याने बांधा, पुढ्यात थोडा पाला टाका. एकाने मान धरावी, दुसऱ्याने पाय. पाय जसा नैसर्गिक दुमडतो तसाच मागे दुमडा. बाजूला ओढू नका, सांधा दुखावतो. प्रथम काडीने सगळी घाण काढा. मग तळव्यावर दुमडलेली कड टाचेकडून टोकाकडे कापत या. त्यानंतर पुढचे वाढलेले टोक छाटा. दोन्ही नख्या सारख्या लांबीच्या करा. शेवटी तळवा चाकूने पातळ पातळ कापांनी सपाट करा.

कुठे थांबायचे, हाच खरा प्रश्न. तळव्यात गुलाबी झाक दिसली की तिथेच हात आवरा. त्याच्या आत रक्त आहे. पण आपल्या उस्मानाबादी शेळीचा खूर बहुधा काळा, त्यात गुलाबी झाक चटकन कळत नाही. म्हणून प्रत्येक कापानंतर अंगठ्याने दाबून पाहा. तळवा दबू लागला की पुरे. पाय जमिनीवर टेकवून एकदा बाजूने बघा. खुराच्या वर जिथे केस संपतात, त्या रेघेला तळवा समांतर आला म्हणजे काम नीट झाले. फारच वाढलेला खूर एका दिवसात सरळ करायला जाऊ नका. थोडा आज, थोडा पंधरा दिवसांनी.

चुकून रक्त आलेच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा, थांबल्यावर आयोडीन लावा आणि शेळी कोरड्या जागी ठेवा. जखम खोल असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दल डॉक्टरांना विचारा. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात या कामासाठी धरू नका. त्याआधीच उरकून घ्या.

पावसाळ्यात खूर-धुणीचा उपयोग होतो. १० लिटर पाण्यात १ किलो झिंक सल्फेट विरघळवा आणि खूर बुडतील एवढ्या उथळ घमेल्यात किंवा हौदात शेळीला १० ते १५ मिनिटे उभे करा. आधी पोटभर पाणी पाजा, म्हणजे ती यात तोंड घालणार नाही. मोरचूदही पुष्कळजण वापरतात, पण तो पोटात गेला तर घातक, मेंढ्यांना तर फारच. म्हणून झिंक सल्फेटच बरे. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

दोन गोष्टी मात्र घरी करायच्या नाहीत. खुराला घाण वास येत असेल, नख्यांमधली कातडी कुजली असेल, तर खोल कोरत बसू नका. ती शेळी वेगळी बांधा, कात्री औषधाच्या पाण्यात बुडवा, आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि पायांबरोबर तोंडातही फोड असतील, लाळ गळत असेल, तर ती लाळ्या-खुरकूत समजावी. तिथे साळणीचा काही संबंध नाही. सगळ्या जनावरांना धोका असतो. लगेच डॉक्टरांना कळवा.

डोंगराचा थोडा अंश गोठ्यातही आणता येतो. मोकळ्या आवारात मोठे सपाट दगड रचून एक लहानसा चौथरा करा. शेळीला उंचावर चढायची मूळची हौस. ती दिवसातून दहादा त्यावर चढेल आणि खूर थोडे आपोआप झिजतील. गोठ्यात मुरमाचा थर द्या, ओल साचू देऊ नका.

एवढे करूनही साळणी चुकत नाही. बांधून पाळलेल्या शेळीला ती साधारण दर दोन महिन्यांनी लागते. तारखा ध्यानात राहत नाहीत, तिथी राहतात. आपल्या भागात वेळ अमावास्येला सारे घर शेतात जाते. तिथपासून मोजायला लागा. तिच्या दुसऱ्या दिवशी पहिली साळणी, मग दर दुसऱ्या अमावास्येनंतर एक. घरातल्या सासू-सुना, मुले, सगळ्यांना हे काम शिकवा. शेळी बहुधा बाईच्या हातची असते, तेव्हा कात्रीही तिच्या हाती असावी. शेळी डोंगरावरून घरी आणली तेव्हाच डोंगराचे काम आपल्या अंगावर आले. ते आपणच करायचे.