पांच मीटर खालीं

समुद्राविषयीं आमचा आदर आजवर कांठावरचा होता. भरतीच्या वेळीं पावलें भिजवावीं, ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूवरून फेरी मारावी आणि दिवेलागण झाली कीं घराकडे वळावें, एवढाच काय तो त्याचा-आमचा संबंध. असें असतां वयाच्या चौपन्नाव्या वर्षीं, पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, आम्ही इटलींत नेपल्सजवळ बाया येथें समुद्राच्या तळाशीं गेलों, हें ऐकून आमच्या स्नेह्यांपैकीं बहुतेकांनीं आमच्याऐवजीं आमच्या कुटुंबाकडेच सहानुभूतीनें पाहिलें, यांत नवल नाहीं.

कारण मात्र अगदीं मास्तरी होतें. रोमचा इतिहास शिकवितांना ‘बाये’ हें नांव आम्ही तीस वर्षें फळ्यावर लिहीत आणि पुसत आलों आहों. त्या नगरीचा बराच भाग आज पाण्याखालीं आहे आणि पाणी अवघें पांच मीटर खोल आहे, असें कळल्यावर तिच्या डोक्यावरून होडींत बसून परत येणें आमच्यानें होईना.

बाये म्हणजे रोमन धनिकांचें विलासस्थान. उन्हाळीं झरे, सागरतीरावरील प्रासाद, माशांचे हौद आणि रात्रभर चालणारीं गाणीं. तत्त्वज्ञ सेनेका तेथें पोंचल्यावर दुसऱ्याच दिवशीं निघून गेला. हेड्रियन बादशहानें इ. स. १३८ मध्यें तेथेंच देह ठेवला. परंतु आम्हांस सर्वांत आठवतो तो पिसो. इ. स. ६५ मध्यें नीरोला मारण्याचा कट झाला, तेव्हां कटवाल्यांनीं सुचविलें, कीं नीरो पिसोच्या बाये येथील घरीं पहारेकऱ्यांवांचून येतो, तेथेंच त्याचा निकाल लावावा. पिसोनें नकार दिला. आपल्या घरीं आलेल्या पाहुण्याचें रक्त सांडणें त्याला अमंगळ वाटलें. टॅसिटसला या सोंवळेपणामागें दुसराच डाव दिसतो, आणि टॅसिटस सहसा कोणाचें बरें बोलत नाहीं. कट फुटला, पिसोनें शिरा तोडून प्राण दिला. त्या घराण्याचें घर आतां समुद्रांत आहे. शिशाच्या नळावर कोरलेल्या नांवावरून तें ओळखूं आलें.

आम्हांस खालीं नेणारी मुलगी आमच्या वर्गांतील विद्यार्थिनींच्याच वयाची होती. ती आम्हांस ‘प्रोफेस्सोरे’ म्हणे आणि आमच्याकडून धडे म्हणवून घेई. पहिला धडा असा, कीं पाण्याखालीं एकच पाप आहे: श्वास रोखणें. येथें आमची पंचाईत झाली. मुंज झाल्यावर वडिलांनीं आम्हांस संध्या शिकविली, तींत पूरक, कुंभक आणि रेचक. आणि आमचा कुंभक थोरल्या बंधूंच्याहून लांब टिके, याचा अभिमान आम्हीं अद्याप टाकलेला नाहीं. जी गोष्ट पाटावर बसून पुण्य, ती पाण्याखालीं प्राणघातक कां, हें तिनें पेन्सिलीनें कागदावर काढून दाखविलें. दर दहा मीटरांस एका वातावरणाचा दाब वाढतो. पांच मीटरांवर तो भूपृष्ठावरच्या दीडपट असतो. तेथें छाती भरून घेतलेली हवा कोंडून मनुष्य वर आला, तर ती हवा दीडपट होऊं पाहते आणि फुप्फुस तेवढें ताणूं शकत नाहीं. पाणी उथळ म्हणून धोका थोडा, असें मानणें बरोबर नाहीं. दाबाचें प्रमाण सर्वांत झपाट्यानें बदलतें तें पृष्ठभागाजवळच. हें ऐकून आमच्या कुटुंबानें, “मग जायलाच हवें का?” एवढेंच विचारलें, आणि आमचा चष्मा रुमालांत गुंडाळून मांडीवर ठेवला. त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांपाशीं नव्हतें. पाणी थंड होतें, तोंडांत रबराची चव होती, आणि आम्ही उतरलों.

१९४३ सालीं, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यांत असतांना, कूस्तो आणि गाञ्यां या दोघांनीं जें यंत्र सिद्ध केलें, त्याचेंच हें सुधारलेलें रूप: मागावी तेवढीच हवा, आणि भोंवतालच्या दाबाला जुळेल अशीच, तें तोंडांत देतें. पहिलीं दोन मिनिटें आम्हीं फक्त आपला श्वास ऐकला. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बुडबुड्यांचा गलका होई. मागल्या क्षणाचा श्वास सुटला आणि पुढचा मिळाला, एवढ्याच गोष्टीनें मनुष्याला इतकें कृतज्ञ वाटावें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. कान दुखूं लागले. ते नाक चिमटींत धरून हळूच फुंकल्यानें मोकळे होतात. नाक धरण्याची विद्या तरी वाया गेली नाहीं!

पाण्यांत वस्तु जवळ आणि मोठ्या दिसतात, म्हणून चष्म्याविना आमचें फारसें अडलें नाहीं. तांबडा रंग मात्र विरतो. सारें हिरवट, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखें. वाळूंतून कोठें कोठें वायूचे बारीक बुडबुडे वर येत होते. तो खालच्या ज्वालामुखीचा श्वास. मग पुंता एपिताफ्फिओजवळील तें दालन आलें. क्लॉडियस बादशहाच्या या भोजनशालेंतील युलिसीज आणि त्याचा सोबती बायोस यांच्या मूर्ति १९६९ मध्यें दृष्टीस पडल्या. मूळ मूर्ति डोंगरावरच्या किल्ल्यांतील संग्रहालयांत आहेत, खालीं प्रतिकृति. बायोसच्या खांद्यावर मासे बसले होते. त्यांस नक्कल-असल कांहीं समजत नसावें.

त्यानंतर त्या मुलीनें एके ठिकाणीं गुडघे टेकले आणि हातानें वाळू वारूं लागली. वाळूखालून काळ्या-पांढऱ्या फरशीची षट्कोणी नक्षी उघडी झाली. एवढी ताजी, कीं कोणी नुकतीच पुसून गेलें असावें. आम्हीं बोट लावण्यास हात पुढें केला, तिनें तो धरला. आम्हीं कित्येक मिनिटें ती फरशी नुसती पाहिली. तीस वर्षें ज्यांचीं नांवें उच्चारलीं, त्यांच्या पावलांची जागा ही. निघतांना तिनें वाळू पुन्हां सारखी केली.

हें शहर एका रात्रींत बुडालें नाहीं. या भूमीखालच्या ज्वालामुखीच्या पोटांत दाब वाढला कीं जमीन चढते, कमी झाला कीं उतरते. शास्त्रज्ञ यास ब्रॅडिसीझम म्हणतात. समोरच्या पोझ्झुओलीच्या जुन्या बाजारपेठेंत संगमरवराचे तीन खांब उभे आहेत. त्यांच्या मध्यभागीं समुद्रांतील शिंपल्यांनीं पाडलेलीं भोंकें दिसतात. खांब न पडतां समुद्रांत गेले आणि न पडतांच बाहेर आले. लायेलनें १८३० मध्यें आपल्या भूशास्त्राच्या ग्रंथाच्या आरंभीं त्यांचेंच चित्र छापलें. पूर्वेकडील व्यापाराचा माल एके काळीं याच बंदरांत उतरे. कोल्हापुरास ब्रह्मपुरीच्या टेकडीवर निघालेली पोसायडनची चिमुकली कांस्यमूर्ति आम्हीं अनेकदां पाहिली आहे. समुद्रदेव पंचगंगेच्या कांठीं कसा आला, या कोड्याचें एक टोंक आम्हांस येथें दिसलें.

सध्यां जमीन वर येत आहे. २००५ पासून ती एक मीटरहून अधिक उचलली गेली आहे, आणि धक्के वाढले आहेत. आमच्या त्या गुरूचें घराणें पोझ्झुओलीच्या रिओने तेर्रा या जुन्या वस्तींतलें. ती वस्ती मार्च १९७० मध्यें सरकारनें रिकामी करविली. दुसऱ्या दिवशीं तिनें आम्हां उभयतांस आजीकडे नेलें. म्हातारीनें खिडकींतून बंदर दाखविलें. धक्क्याच्या ज्या पायऱ्या तिच्या लहानपणीं पाण्यांत असत, त्या कोरड्या पडल्या होत्या, आणि होड्या चिखलांत कलंडल्या होत्या. नात भाषांतर करीत होती. आदल्या रात्रीं हादरा बसला तेव्हां आपण भांड्यांचें कपाट दोन्ही हातांनीं धरून उभ्या होतों, असें आजीबाई म्हणाल्या. घर सोडण्याविषयीं आम्हीं विचारलें, तें त्यांनीं ऐकलें नाहीं, आणि आमच्या कुटुंबाच्या पेल्यांत आणखी कॉफी ओतली.