वाऱ्याने मोजलेलं अंतर

सिंगापूरचं चांगी आणि न्यू यॉर्कचं केनेडी. दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक आहे. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. मला ध्रुवावरूनच जायची हौस होती. पण विमानाने सिंगापूर सोडलं आणि पडद्यावरची रेघ ईशान्येला, पॅसिफिककडे वळली.

हा मार्ग किलोमीटरने लांबचा आणि तासांनी जवळचा. हिवाळ्यात जपानवरून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचा प्रचंड झोत वाहतो. जमिनीपासून नऊ-दहा किलोमीटर उंचीवर त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. पडद्यावर वेगाचा आकडा बराच वेळ ९००च्या आसपास होता. जपान जवळ आलं तसा तो चढत गेला आणि १,१०० ओलांडून गेला. इंजिनांचा आवाज मात्र तसाच. वरची सगळी भर वाऱ्याची होती. शेजारच्या नागपूरच्या काकू मुलाकडे निघाल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती तास राहिले हो?" किती किलोमीटर राहिले, असं विमानात कुणीच विचारत नाही.

खाली ढग होते, त्यामुळे जपान दिसलं नाही. तरी मला वासाबुरो ओइशींची आठवण आली. १९२०च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून ते आकाशात फुगे सोडायचे, त्यांचा माग काढायचे आणि उंचावरचा वारा मोजायचे. जगभरच्या लोकांना वाचता यावा म्हणून १९२६ साली त्यांनी आपला अहवाल एस्परांतो भाषेत छापला. जगाने तो वाचलाच नाही. १९४४मध्ये जपानवर चालून आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना याच वाऱ्याने हैराण केलं. आज रोज शेकडो विमानं त्याच्यावर स्वार होऊन वेळ आणि इंधन वाचवतात. त्यांतल्या एकाही प्रवाशाला ओइशी हे नाव माहीत नसावं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

इंधनाचा हिशेबही थक्क करणारा आहे. एअरबस ए३५०च्या या खास लांब पल्ल्याच्या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावतं. सुरुवातीच्या तासांत बरंचसं इंधन जळतं ते उरलेल्या इंधनाचं ओझं वाहण्यासाठीच. म्हणून प्रवासी कमी घ्यावे लागतात. जागा फक्त १६१, आणि त्यांत साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच.

पॅसिफिकवर दिवस उजाडला आणि काही तासांतच मावळला. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली, म्हणजे तारीख एक दिवस मागे गेली. मध्यरात्रीनंतर निघालेलो आम्ही अठरा तासांहून अधिक उडून न्यू यॉर्कला उतरलो, तेव्हा तिथे पहाट होती आणि तारीख निघालो तीच. काकूंनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लावा हो, माझं डोकं चालत नाही." तेरा तास मागे न्यायचे होते. मी काटे एकच तास मागे घेतले. बाकीच्या बारा तासांसाठी त्यांना हलवायची गरजच नव्हती.

परतीच्या विमानानेही पूर्वच धरली. अटलांटिक, मग युरोप, मग आशिया. सिंगापूरला पोहोचलो तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली होती.