समुद्राचें माहेर, डोंगराचें सासर

लग्नानें दोन घराणीं जोडलीं जातात, असें आपण म्हणतों. आमच्या बाबतींत दोन मुलुखही जोडले गेले. मी जन्माचा मावळा. लोणावळ्याच्या धुक्यांत आणि इंद्रायणीच्या कांठीं वाढलेला. सौभाग्यवतीचें माहेर चौलचें, नारळी-पोफळीच्या वाडींतलें. १९७४ सालीं ती घाट चढून आमच्या घरीं आली, तेव्हां पहिल्याच आषाढांत तिनें मला विचारलें, "अहो, येथें ऊन म्हणून कधीं पडतें कीं नाहीं?" पुढें वैशाखांत मी तिच्या माहेरीं गेलों आणि घामानें निथळत, येथें वारा म्हणून कधीं सुटतो कीं नाहीं, असें विचारून त्या प्रश्नाची फेड केली.

अखेर आमच्यांत एक तह ठरला. दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी समुद्राची. हिवाळ्यांतले रविवार मावळांतल्या लेण्यांचे व गडांचे. पन्नास वर्षें होऊन गेलीं, पण हा तह कोणींही मोडलेला नाहीं.

समुद्राच्या बाबतींत ती गुरु व मी शिष्य. भरतीची वेळ तिथीवरून कशी काढावी, हें तिनेंच मला शिकविलें. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल त्या वाजतां पूर्ण भरती, आणि तिच्यापासून सहा तास अलीकडे किंवा पलीकडे ओहोटी. चतुर्थीस भरती तीनला, तर ओहोटी नवाला. किनाऱ्यावरच्या माणसाला याहून निराळें घड्याळ लागत नाहीं.

हें घड्याळ न मानल्याचें फळ मला एकदां मिळालें. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायीं गांठतां येतो. एका चतुर्थीस आम्हीं नवाच्या सुमारास वाळू तुडवीत आंत गेलों. आंग्र्यांच्या गणपतीचें दर्शन घेतलें. चोहोंकडे खारें पाणी असतां मध्यें गोड्या पाण्याची विहीर कशी, याचें नवल करीत मी तटावर हिंडत राहिलों. "अहो, चला आतां," असें ती तीनदां म्हणाली. "आलोंच," असें मींही तीनदां म्हटलें. निघालों तेव्हां वाळूची वाट दिसेनाशी झाली होती. मध्यावर पाणी कमरेस लागलें, पायाखालची वाळू सरकूं लागली आणि मला, सह्याद्रीच्या कड्यांवरून निर्धास्त उतरणाऱ्याला, घाम फुटला. तिनें कांहीं न बोलतां माझें मनगट धरलें, आणि लाट आली कीं थांबायचें, ओसरली कीं पाऊल टाकायचें, अशा रीतीनें मला किनाऱ्यास आणलें. त्या दिवसाबद्दल तिनें मला आजतागायत एक शब्दही ऐकविलेला नाहीं.

डोंगरांत मात्र गुरुपद माझ्याकडे. पहाटे उठून ती दशम्या आणि दहीभात बांधून घेई. आम्हीं गाडीनें मळवलीस उतरत असूं. दक्षिणेकडे भाजें, उत्तरेकडे कार्लें. भाज्याच्या चैत्यगृहांतले खांब आंतल्या बाजूस किंचित् कललेले आहेत. लाकडी घराचे खांब असे कलते रोवीत, तीच रीत कारागिरांनीं दगडांतही राखली. बेडशाचें लेणें पूर्वाभिमुख; तेथें सकाळींच जावें, म्हणजे कोवळें ऊन थेट आंत येतें. लोहगडाच्या विंचूकांट्यावर तर पावसाळ्यानंतर किती वेळां गेलों, त्याचा हिशेब नाहीं.

या सर्व सहलींत मी सदां वीस पावलें पुढें असें. वळणावर उभा राहून हांक मारावी, ती जवळ आली कीं पुन्हां चालूं लागावें. तिची विश्रांति माझ्या ध्यानांतच येत नसे. हा माझा दोष मला फार उशिरां कळला.

गेल्या मार्गशीर्षांत ती म्हणाली, "कार्लें एकदां पाहून घेऊं. पुढें गुडघे नाहीं म्हणतील." आतां निम्म्या वाटेपर्यंत मोटार जाते, पण वरच्या पायऱ्या पायींच चढाव्या लागतात. त्या दिवशीं पहिल्यानेंच मी तिच्या मागून चाललों. दर दहा पायऱ्यांना आम्हीं बसलों. जो डोंगर मीं शेंकडों वेळां चढलों, त्याच्या वाटेवरून मळवलीकडचीं शेतें इतकीं सुंदर दिसतात, हें मला त्या दिवशीं समजलें.

वर एकवीरेचें दर्शन झालें. ही आगरी-कोळ्यांची देवी. चैत्रांत किनाऱ्यावरचे कोळी पालख्या घेऊन येथें येतात. "बघा, माझ्या माहेरचीं माणसें," असें ती हंसून म्हणाली. मंदिराच्या मागेंच चैत्यगृह आहे : सुमारें १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद, सदतीस खांबांचें. छताच्या लाकडी कमानी जवळजवळ दोन हजार वर्षें टिकून आहेत. खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत आणि सोपाऱ्याचा एक भाणकही आहे. सोपारा, कल्याण, चौल या बंदरांत उतरलेला माल घांटांनीं देशावर चढे आणि त्या वाटेवरच हीं लेणीं उभीं राहिलीं. मीं हें सांगितल्यावर ती एका खांबाला हात टेकून म्हणाली, "म्हणजे समुद्राकडच्या माणसांनीं डोंगर चढायची रीत जुनीच म्हणायची. मी कांहीं नवें केलें नाहीं."

प्रवेशद्वाराशीं स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. मीं त्या अनेकदां पाहिल्या होत्या. शिल्प म्हणून पाहुण्यांना दाखविल्याही होत्या. त्या दिवशीं एकच गोष्ट मनांत भरली. इतक्या शतकांत त्यांतला कोणीही वीस पावलें पुढें गेलेला नाहीं.

उतरतांना मीं तिचें मनगट धरलें. एक पायरी, थांबणें, मग दुसरी. निम्म्या वाटेवर ती म्हणाली, "लाट आली कीं थांबायचें, ओसरली कीं पाऊल टाकायचें." कुलाब्याच्या त्या दिवसाचा तिनें केलेला हा एवढाच उल्लेख.

मोटारींत बसल्यावर तिनें पंचांगाची चौकशी केली. पुढच्या सुटींत चतुर्थी कोणत्या वारीं येते, तें तिला पाहायचें होतें. कुलाब्याला पुन्हां जायचें आहे. मात्र या खेपेस, ती पहिल्यांदा "चला" म्हणतांच मी निघणार आहें.